मेहरूणच्या लाइनवरचा कापूस

प्रिय अक्का,

मी पत्र लिहायला बसलोय हे बघून तू आधी पोट धरून हसली असतीस. "बापू आणि पत्र! अरे, साधा अर्ज लिहायचा तर तू माझ्याकडे यायचास!" खरं आहे. आजही वही तुझीच आहे, कंट्रोल रूममधली. कुठल्या वेळी कुठला पिक्चर लावला ते तू हिच्यात लिहायचीस. मागची कोरी पानं मी वापरतोय. रागावू नकोस.

तुला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या आधी घर आवरायला काढलं, तेव्हा तुझ्या लोखंडी ट्रंकेत साड्यांच्या तळाशी चौथी कॅसेट सापडली. लिफ्टवालीची. वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'नानांसाठी. शेवटचा भाग. मी पण बघितलेला नाही.' मी ट्रंकेपाशी फतकल मारून बसलो तो बसलोच. तुझी भावजय मंगल दोनदा जेवायला बोलावून गेली.

काल दुपारी दोन वाजता मी ती कॅसेट लावली. त्यानंतर जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मंगलला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "तुम्ही जरा पडा बरं."

पण त्याआधी एक गोष्ट कबूल करायची आहे. अक्का, मेहरूणच्या केबल-लाइनचा बूस्टर जळाला नव्हता. ती लाइन मी तोडली होती. खांबाला शिडी लावून, पक्कडीनं, भर दुपारी.

झालं. लिहून टाकलं. आता बाकीचं सांगायला बळ येईल.

तुला धुळ्याहून परत आणायला मीच आलो होतो, आठवतं? लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. तुझ्या सासरच्यांनी ट्रंक आधीच ओट्यावर काढून ठेवली होती. एसटीत तू खिडकीशी बसलीस. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तू बाहेर बघत होतीस आणि मी ड्रायव्हरच्या पाठीकडे. एकदाही विचारलं नाही, अक्का, काय झालं तिथे? मला वाटलं, विचारलं तर तुला वाईट वाटेल. आता कळतं, ऐकून मलाच वाईट वाटलं असतं, म्हणून नाही विचारलं.

पुढे आई-आबा गेले, मी केबलचा धंदा काढला आणि पुढची खोली झाली कंट्रोल रूम. कसली कंट्रोल रूम? दोन व्हीसीआर, एक छोटा टीव्ही, फोन आणि गरगरणारा टेबल फॅन! पण तिथली खुर्ची मी तुला दिली आणि सगळ्या गावात मिरवलं, की बघा, बहिणीला कामाला लावलं, रिकामी बसवलं नाही. सकाळी भजनं, दुपारी जुना पिक्चर, संध्याकाळी नवा. तीनशे घरांत तू लावशील ते दिसायचं. व्हीसीआरच्या हेडला बुरशी धरली की तूच स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचीस. मला तर मधल्या वेळात खोलीत डोकावायलाही फुरसत नव्हती. असं मी समजायचो.

मग ती गोणी आली. भुसावळला एक व्हिडिओ लायब्ररी बंद होत होती, तिथून मी गोणीभर कॅसेट उचलून आणल्या. त्यात ह्या चार. वर चित्र होतं निळ्या गणवेशातल्या, पांढरे हातमोजे घातलेल्या, मोठाल्या डोळ्यांच्या एका बाईचं. खाली जपानी अक्षरं. मी म्हटलं, वा! कार्टून! रविवारी सकाळी लाव पोरांसाठी. ना बघितलं, ना तपासलं. कार्टून म्हणजे पोरांचं, एवढीच माझी अक्कल!

पहिला फोन पाच मिनिटांत आला. "अहो, चित्र अडकलंय." अडकलं कुठे होतं? ती बाई लिफ्टमध्ये उभी होती आणि लिफ्ट वर चालली होती. नुसती वर चालली होती! दुसरा फोन, "आमचा पोरगा रडायला लागला." तिसऱ्यानं तर विचारलं, "भाऊ, हे कार्टून शे का कोन्हा तेरावा?" मी धावत आत आलो आणि तुझ्यावरच ओरडलो. बंद कर म्हटलं ते. तू बंद केलंस. पण कॅसेट गोणीत परत टाकली नाहीस, उशाशी ठेवलीस.

तेव्हापासून दुपारी दोन ते तीन तू ती लावायला लागलीस. भर उन्हाची वेळ, गाव झोपलेलं, कोण बघतंय? मलाही वाटलं, बघू दे बाईला तासभर तिच्या मनाचं. एकदा मी तुझ्या मागे उभा राहून दहा मिनिटं बघितलं. बाप रे! एक ट्यूबलाइट घुंऽऽ करत होती. त्या आवाजावर निम्मा भाग! मी म्हटलं, "अक्का, ह्याच्यापेक्षा आपलं विजेचं मीटर बघ, ते तरी फिरतं."

तू चिडली नाहीस. तू मला गोष्ट सांगितलीस. तू बारावीपर्यंत शिकलेली, खालची पिवळी इंग्रजी अक्षरं तुला वाचता यायची. ही बाई एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवते. दिवसभर लोकांना वर नेते, खाली आणते. काम संपलं की डोक्याला एक पट्टा बांधते आणि कॉम्प्युटरच्या आतल्या जगात जाते. तिथेही तीच इमारत, तीच लिफ्ट. फक्त सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये एक मजला जास्त. त्या मजल्यावर एक लांबलचक बोळ आणि दोन्हीकडे दारं. प्रत्येक भागात ती एक दार उघडते. आत कुणीतरी पाठ करून बसलेलं असतं. कुणी फळ सोलतंय, कुणी शर्टाला इस्त्री करतंय. ती दारात उभी राहते. हाक मारत नाही. मग दार हळूच ओढून घेते आणि परत येते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पुढच्या भागात दुसरं दार."

"आणि ह्यात भिण्यासारखं काय आहे? पोरं का रडली?"

तू टीव्हीचा आवाज बारीक केलास. मग म्हणालीस, "ती परत येते ना बापू, तेव्हा तिला कळत नाही, आपण नक्की कुठल्या इमारतीत परत आलो. मला पण कळत नाही. भीती त्याची वाटते. पण कुणी मुद्दाम घाबरवत नाही. बाकीच्या पिक्चरमधली माणसं सारखी काहीतरी सांगत असतात, रडा म्हणतात, हसा म्हणतात. ही काही म्हणत नाही. नुसती सोबत असते."

आणि आणखी एक म्हणाली होतीस. म्हणालीस, "मी पण तशीच ना रे? तीनशे घरांत रोज जाते. कुणाला दिसत नाही."

ह्यावर मी काय बोललो, आठवतं? मी म्हटलं, "संध्याकाळचा पिक्चर वेळेवर लाव." अक्का, जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या डोक्यातही काही नव्हतं.

आता नानांचं. मेहरूण तलावाच्या पलीकडे जो पाण्याचा पंप आहे, तिथल्या खोलीत वॉल्व्हमन नाना एकटेच राहतात. धुळ्याकडचे, घरचं माणूस कुणी उरलेलं नाही. तिथे मी फुकट कनेक्शन दिलं होतं. का, ते तुला माहीत आहेच. फुकट केबलच्या बदल्यात आपल्या गल्लीचा वॉल्व्ह ते सगळ्यांच्या शेवटी बंद करायचे. शेजारणी तुला म्हणायच्या, "अक्का, तुमच्या भावामुळे आमची भांडी भरतात हो!" गावात असं कुणाचं ना कुणाचं चालायचंच. पण लाइनीचं ते शेवटचं टोक. तिथपर्यंत जाईस्तोवर सिग्नल मरतो, चित्राला मुंग्या येतात. अख्ख्या पडद्यावर पांढरे ठिपके वळवळत असतात. फुकट आहे, चालवून घ्या, असं मी म्हणायचो.

नानांचा पहिला फोन आला तेव्हा तू मला येऊन सांगितलंस. कुणीतरी बघतंय ह्याचाच तुला केवढा आनंद! ते म्हणाले होते, "ताई, ते खाले काय लिखेल शे? माले वाचता येस नही." तू वाचून दाखवलंस. दुसऱ्या दिवशी परत फोन. मग रोजचंच झालं. तिकडे ते पंपाच्या घरघरीत बसून बघायचे, इकडे तू फॅनच्या वाऱ्यात, आणि मधल्या तारेवर तू पिवळ्या अक्षरांचं आपल्या बोलीत करून सांगायचीस. जपानी बाई अहिराणी बोलायला लागली! मी घरी आलो की तुझा आवाज बोळापर्यंत यायचा.

नाना तुला म्हणाले होते, "ही बाई मना सारखी शे. दिनभर वर-खाले करस, कथाच जात नही." माझ्यासारखीच, कुठेच जात नाही! हे मला सांगताना तू हसत होतीस, पण डोळे पुसत होतीस.

आणि तो कापूस! नानांना वाटायचं, त्या जास्तीच्या मजल्यावर सतत कापूस उडतोय. तरुणपणी ते धुळ्याला जिनिंगमध्ये होते ना. शेडमध्ये उडतो तसा, बोळात, दारांवर, त्या बाईच्या टोपीवर. "तठे बठ्ठा कापूसच कापूस उडस," असं ते सांगायचे. त्यांना वाटायचं, हे चित्र काढणाऱ्यानं फार विचार करून काढलंय. ज्या जगात माणूस नाही तिथे झाडायला कोण येणार? म्हणून कापूस साचतो. तू ऐकून घेतलंस. एका शब्दानं सांगितलं नाहीस की नाना, त्या मुंग्या आहेत, माझ्या भावाच्या वायरीत दम नाही!

मी म्हटलं, "थांब, सिग्नल वाढवायला नवा बूस्टर टाकतो, दोन मिनिटांचं काम." तू माझा हात धरलास. "नको. राहू दे तसंच." मला वाटलं, बाईला वेड लागलं. धंद्यात पहिल्यांदाच कुणी मला चित्र खराब ठेव म्हणालं होतं.

मग लोक बोलायला लागले. आधी एक-दोघं, "दुपारी तुमचा फोन लागत नाही, एंगेज असतो." मग पानटपरीवर कुणीतरी डोळा मिचकावला, "अक्कांना कुणी सोबती भेटला वाटतं." मी हसून घालवलं. घरी आलो. कंट्रोल रूमच्या दारात उभा राहिलो. तू पाठमोरी बसली होतीस, कानाला रिसीव्हर, आणि हसत होतीस. धुळ्याहून आल्यापासून मी तुला तसं हसताना बघितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला राग आला. एवढं काय आहे त्या वॉल्व्हमनमध्ये? आणि माझ्याशी का नाही हसत ही?

हो, हेच होतं. लोक बोलतात हे निमित्त. खरं दुखणं हे होतं.

मी दार ओढून घेतलं, शिडी काढली आणि मेहरूणच्या रस्त्यावरच्या खांबाला लावली.

दुसऱ्या दिवशी नानांचा फोन मीच उचलला. म्हणाले, "भाऊ, चित्र येत नही." मी म्हटलं, "नाना, अक्काला इथे फोन करत जाऊ नका. बरं दिसत नाही. काय असेल ते मला सांगा." ते म्हणाले, "बरं भाऊ." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुला सांगितलं, बूस्टर जळाला, सामान मुंबईहून यायचंय. तू माझ्याकडे बघितलंस. "किती दिवस?" "बघू." बस.

तिसरी कॅसेट तेव्हा नुकतीच संपली होती. तिच्यात शेवटी ती बाई एक दार उघडते आणि आत निळ्या गणवेशात, पांढरे हातमोजे घालून, तीच पाठमोरी बसलेली असते! तिथेच कॅसेट संपते. एवढ्यावर आणून ठेवलेलं आणि चौथी तू लावली नाहीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "बूस्टर आल्यावर." तरी रोज दोनच्या ठोक्याला पहिली, दुसरी, तिसरी अशा फिरून फिरून लावत राहिलीस. फोन वाजायचा नाही. आठ महिने तू मला अधूनमधून विचारायचीस, पोळी वाढता वाढता, सहज, "बापू, बूस्टर आला का रे?" आणि मी पोळीकडे बघत म्हणायचो, "नाही अजून."

मला एकच धाक होता, पाण्याचा. केबल तोडली, आता नाना वॉल्व्ह सगळ्यांच्या आधी बंद करणार आणि गल्ली माझ्या नावानं शंख करणार. पण पाणी येतच राहिलं. तेवढंच, त्याच वेळी. मी मनात म्हटलं, भोळा आहे माणूस, विसरला असेल.

मग तुला कावीळ झाली. दहा दिवस. दवाखान्यात तू पिवळी पडत चाललीस आणि मी स्टुलावर बसून लाइनमनसारखा सलाईनच्या नळीकडे बघत राहिलो. एकदा तू डोळे उघडून म्हणालीस, "दोन वाजले का?" मी म्हटलं, "वाजले." तेव्हाही सांगता आलं असतं ना? अक्का, लाइन मी तोडली, उद्या जोडतो, तू बरी हो. चार शब्दांचं काम. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. तू गेलीस.

नानांना मी कळवलं नाही. कसा कळवणार?

परवा चिठ्ठी वाचली आणि तसाच स्कूटर काढून पंपावर गेलो. नाना बाहेर खाटेवर बसले होते. केस सगळे पिकलेत. मला बघून उठले, खाट झटकली, आणि पहिला प्रश्न काय विचारला, माहीत आहे?

"ताई कशी शे?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ते वॉल्व्हपाशी गेले आणि चाक धरून उभे राहिले, फिरवलं नाही. पंप चालूच होता. बऱ्याच वेळानं परत आले आणि मी कबूल केलं, की नाना, लाइन बिघडली नव्हती, मीच तोडली होती. म्हणाले, "माले माहीत शे, भाऊ."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताईनी."

अक्का! तू त्यांना एकदा फोन केला होतास! मी तोडली त्याच आठवड्यात. नाना सांगत होते आणि मी जमिनीकडे बघत होतो. तू म्हणाली होतीस, बापू रागात आहे, उतरेल त्याचा राग, तो स्वतःच जोडेल. मी त्याला म्हणणार नाही, त्याचं त्याला कळू दे. शेवटचा भाग मी ठेवलाय, दोघं मिळूनच बघू. तोवर फोन नको. पाणी मात्र गल्लीला सोडत जा, बायकांचे हाल होतात.

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. आठ महिने तू मला विचारत होतीस, "बूस्टर आला का रे?" ते बूस्टरचं नव्हतंच. तू दर वेळी मला एक संधी देत होतीस, आणि मी दर वेळी पोळी मोडून खात होतो. इतकी कशी गं तू मुकी? एकदा कानाखाली वाजवायची होतीस! थोरली होतीस ना? हक्क होता तुझा! हा माझा तुझ्यावरचा राग, आणि तो मला नीट करताही येत नाही, कारण मुका तर मीही होतो.

काल सकाळी मी लाइन जोडली. आणि माझा स्वभाव तुला ठाऊक, प्रायश्चित्त करायचं तर जोरात करायचं. खांबावर नवाकोरा बूस्टर चढवला. पंपाच्या खोलीत जाऊन बघितलं, चित्र आरशासारखं लख्ख. नाना घरात नव्हते, वॉल्व्हवर होते; दोन वाजताचं त्यांना परवाच सांगून ठेवलं होतं. मला फार बरं वाटलं.

दोन वाजता मी तुझ्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच बसलो गं त्या खुर्चीत. तिथून दार दिसत नाही, पाठीमागे येतं. इतकी वर्षं मी दारात येऊन तुझी पाठ बघून परत जायचो, तुला पाऊल ऐकू येत असणार. येतच असणार. काल मंगल पाणी ठेवायला आली तर मला तिच्या बांगड्या आधी ऐकू आल्या.

चौथा भाग सांगतो. तू बघितला नाहीस, म्हणून सांगतो. अख्खा भाग त्या एका खोलीत आहे. आता आपण आतून बघतो. निळ्या गणवेशातली बाई खुर्चीवर बसलीय, समोर भिंत, ट्यूबलाइट घुंऽऽ करतेय. ती हातमोजे काढते, घडी करते, परत घालते. पहिल्यांदाच मला कंटाळा आला नाही. मग मागे दार उघडल्याचा आवाज. बाई हलत नाही. किती वेळ हलत नाही! आणि मग ती वळते, सावकाश. तिचा चेहरा भिण्यासारखा नाही, साधा आहे, थकलेला. दारातल्या बाईकडे बघून ती दोन शब्द बोलते. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊ," नानांचा आवाज, "कापूस कथा गया?"

कापूस कुठे गेला? आता सांगू काय? नाना, कापूस कधी नव्हताच. त्या मुंग्या होत्या, सिग्नल मेला होता, मी फुकटातला म्हणून तुमच्या टोकाला कधी लक्ष दिलं नाही. ओठांवर आलं होतं. मग तुझा हात आठवला, माझ्या मनगटावरचा. "राहू दे तसंच."

"शेवटच्या भागात थांबतो, नाना," मी म्हटलं. "कुणीतरी झाडून घेतलंय."

तिकडून पंपाची घरघर येत राहिली. मग ते म्हणाले, "बरं जायं." बरं झालं! आणि पाठोपाठ, "ती काय म्हनी? खाले काय लिखेल शे?"

पिवळी अक्षरं अजून पडद्यावर होती. मला इंग्रजी कितपत येतं, तुला माहीत आहे. पण तेवढी वाचता आली.

"ये, बठ." मी सांगितलं. "ती म्हणते, ये, बठ."

फोन कुणी ठेवला नाही. दोघंही ती कॅसेट संपेपर्यंत तसेच बघत बसलो, ते तिकडे, मी इकडे, आणि पडदा निळा झाल्यावर नाना म्हणाले, "सकाय पहिलापासून लावशात का?"

लावणार आहे, अक्का. आजपासून रोज दोन वाजता, पहिल्यापासून, फोनवर वाचून दाखवत. चुकलं तर शब्दकोश आहे तुझा. गावानं काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि आज सकाळी परत खांबावर चढलो. नवा बूस्टर काढून घरी आणून ठेवलाय, जुनाच बसवलाय. खाली उतरून पंपाच्या खोलीत डोकावलो. टीव्हीवर पांढरे ठिपके वळवळत होते, पूर्वीसारखेच. जोवर नाना आहेत, तोवर मी ते चित्र दुरुस्त करणार नाही, हा तुला शब्द.

दोन वाजायला आले. दार मी उघडं ठेवलंय.

तुझा,
बापू